न्हाणीचं पाणी

मुरबे गाव समुद्राकाठचं. पावसाळ्यात आमच्या पालघर तालुक्यात पाणीच पाणी, आणि वैशाखात गोड्या पाण्याची ओढ. त्यामुळे आजीच्या पिढीला पाणी फुकट घालवणं माहीतच नव्हतं. न्हाणीचं पाणी परसात जाई; तिथे अळू, केळ, कर्दळ. मासे धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात. याला कुणी 'पुनर्वापर' म्हणत नसे!

टंचाई आली की हाच उपाय आता नव्याने सांगतात. पण ते पाणी वेगळं होतं, हे सांगायचं राहून जातं. भांड्यांना राख, केसांना शिकेकाई, रेशमी कपड्यांना रिठे. राखेतलं पोटॅश तर झाडाचं खाद्यच. पुढे १९५९ मध्ये भारतात सर्फ आली, १९६९ मध्ये निरमा. धुण्याच्या पावडरीतलं सोडियम मातीत साठतं, जमीन घट्ट होते. आणि खाऱ्या वाऱ्यातल्या जमिनीला आणखी क्षार कशाला?

म्हणून मी तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना देतो. कपडे शेवटी खळबळलेलं पाणी फक्त माडाला, कारण तो खारं सोसतो. तेही त्याच दिवशी. साठवलं की वास मारतं. पालेभाजीला मात्र ते अजिबात नाही.