न सांगता वाढलेला घास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वाड्यात धुळवडीला थंडाईचं मोठं पातेलं निघायचं. एका वर्षी कुणीतरी गंमत म्हणून वेगळ्या तांब्यातली थंडाई शेजारच्या काकांना दिली. काका सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. तास-दीड तासानं ते जिन्यात बसले आणि 'मला काहीतरी होतंय, डॉक्टरांना बोलवा' म्हणू लागले. सगळे हसत होते. काकांना मात्र आपण चाललो असंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना खरं काय ते कळलं. ते भांडले नाहीत. पण त्या घरचं पाणीही त्यांनी पुन्हा तोंडाला लावलं नाही.

त्या गंमतीत आणि गुन्ह्यात अंतर किती, हे पाहायचं तर सुमारे साडेचारशे वर्षं मागे, गोव्यात जायला हवं.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला आणि इथलाच झाला. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक प्रकरण आहे आणि धोत्र्यावर एक. भांगेच्या प्रकरणात गुजरातचा सुलतान बहादूरशहा भेटतो. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून यावंसं वाटलं, की आपण थोडी भांग घेतो, असं त्यानं एका पोर्तुगीज सरदाराला सांगितलं होतं. म्हणजे घेणारा स्वतः घेतो आणि काय घेतो हे त्याला ठाऊक असतं.

धोत्र्याचं प्रकरण निराळं आहे. तिथं घरातली एक दासी मालकिणीला धोत्रा देते, किल्ल्या आणि दागिने घेऊन पसार होते आणि ओर्ताला उपचारासाठी बोलावणं येतं. चोर हे औषध अन्नात मिसळून देतात, असं तो नोंदवतो. ज्याला ते दिलं जातं तो असंबद्ध बोलतो, हसत राहतो आणि अंगावरचे दागिने कुणी काढून घेतले तरी घेऊ देतो. ओर्ताच्या या प्रकरणात हसणारा माणूस लुटला जात असतो. आमच्या वाड्यात हसणारे दुसरे होते, एवढाच फरक.

एकोणिसाव्या शतकात ठगांचा बंदोबस्त झाला. पण रस्त्यावर विष देऊन लुटणारे उरलेच. पोलिसांच्या दप्तरात त्यांना 'धतुरिया' म्हणत. सराईत किंवा वाटेवरच्या झाडाखाली वाटसरूशी ओळख काढायची, एकत्र स्वयंपाक करायचा आणि पिठात किंवा मिठाईत धोत्र्याचं बी मिसळायचं, ही त्यांची रीत. कलकत्त्याच्या नॉर्मन चेव्हर्स या डॉक्टरानं १८५६ मध्ये न्यायवैद्यकावर ग्रंथ लिहिला, त्यात धोत्र्याच्या अशा प्रकरणांना बरीच जागा द्यावी लागली. धोत्र्यानं तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो आणि पुढं त्या वेळचं नीट आठवतही नाही. लुटलेला माणूस साक्ष तरी काय देणार?

मग भांगेचं काय? गांजा, चरस आणि भांग यांची चौकशी करायला सरकारनं १८९३ मध्ये सात जणांचा आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते आणि तीन सभासद हिंदी होते. आयोगानं ११९३ साक्षी नोंदवल्या. साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नांत एक असाही होता: गुन्हेगार आपल्या सावजाला हे पदार्थ देऊन बेशुद्ध करतात काय आणि दुसरं काही न मिसळता तशी बेशुद्धी येते काय? अनेक साक्षीदारांनी धोत्र्याकडे बोट दाखवलं. बेताच्या सेवनानं फारसं नुकसान होत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष आयोगानं १८९४ च्या अहवालात काढला.

म्हणजे भांग निर्दोष ठरली काय? इथंच आपली गफलत होते. आयोगाचा निष्कर्ष जाणूनबुजून घेणाऱ्यांबद्दल होता. चिलमीतून ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत चढतो. पोटात गेलेली भांग अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेते आणि मग कित्येक तास उतरत नाही. छाती धडधडते, वेळेचं भान सुटतं, भीती दाटते. भांग घेतली आहे हे ज्याला माहीत असतं, तो पडून राहतो. ज्याला माहीत नसतं, त्याला वाटतं की हृदयविकाराचा झटका आला किंवा डोकं फिरलं. मधल्या वेळात तो गाडी चालवायलाही बसलेला असू शकतो. डॉक्टरांना खरी हकीकत सांगणंही त्याला शक्य नसतं. पदार्थ तोच, न सांगितल्यानं तो वेगळाच होतो.

कायद्यानं ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८५ असं, की कुणाला त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा दिली आणि आपण काय करतो हेच त्याला कळेनासं झालं, तर त्या स्थितीतलं त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. देणाऱ्यासाठी मात्र कलम ३२८ होतं. इजा करण्याच्या हेतूनं, किंवा इजा होण्याचा संभव ठाऊक असताना, नशेचा पदार्थ खाऊ घालणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही दोन्ही तत्त्वं कलम २३ आणि १२३ मध्ये कायम आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत नुसती पानं गांजा ठरत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकानं चालतात. पण दुकानातून भांग रीतसर विकत घेता येते, म्हणून ती दुसऱ्याच्या पेल्यात गुपचूप घालायची मुभा मिळत नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण खाणाऱ्याला सांगत आलो आहोत. वाढणाऱ्यावरही तितकीच जबाबदारी आहे. समोरचा माणूस घास उचलतो, तो आपल्या भरवशावर. पुढच्या धुळवडीला पातेली दोन असली तर असोत. कोणत्या पातेल्यात काय आहे, एवढं मात्र मोठ्यानं सांगावं. आमच्या काकांना एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.