ओवा खाल्ल्याने पोटदुखी खरंच थांबते का? ओव्याचे फायदे, मर्यादा आणि डॉक्टरांकडे कधी जायचं, हे सगळं सोप्या भाषेत

लग्नाच्या पंगतीत जरा जास्त जेवण झालं, पोट डब्ब झालं, की घरातून एक आवाज हमखास येतो, 'चिमूटभर ओवा खा, बरं वाटेल.' आपण ओवा-मीठ तोंडात टाकतो, वर कोमट पाणी पितो आणि थोड्या वेळाने खरंच हलकं वाटतं.

पण हाच ओवा आता व्हॉट्सॲपवर वजन कमी करतो, मधुमेह घालवतो, दमा मुळापासून बरा करतो, असंही वाचायला मिळतं. यातलं खरं किती? ओव्यात असं काय आहे? आणि ओवा खाऊन थांबणं कधी धोक्याचं ठरू शकतं? समजून घेऊया.

ओवा म्हणजे नेमकं काय?

संस्कृतमध्ये ओव्याला 'यवानी' म्हणतात, हिंदीत 'अजवाइन'. त्याचं शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम अम्मी. जिरे, धने, बडीशेप, शेपू आणि गाजर हे सगळे ओव्याचे कुटुंबीय आहेत.

आपण ज्याला ओव्याचं बी म्हणतो, ते वनस्पतीशास्त्राच्या भाषेत त्या झाडाचं वाळलेलं छोटं फळ असतं. त्याच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात. म्हणूनच ओवा तळहातावर चोळला की एकदम वास सुटतो. गवारीच्या भाजीत किंवा भज्यांच्या पिठात ओवा हातावर चुरडून घालायची पद्धत आहे, त्यामागचं कारण हेच.

ओवा हे रब्बीचं पीक. राजस्थान आणि गुजरातमध्ये त्याची मोठी लागवड होते. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजारात ओव्याची आवक होते. जिरे, धने, ओवा यांसारख्या बियांच्या मसाल्यांवर संशोधन करणारं भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं केंद्र राजस्थानात अजमेरला आहे.

वास कशाचा, गुण कशाचा?

ओव्यात साधारण २ ते ४ टक्के सुगंधी तेल असतं. या तेलाचा मोठा हिस्सा, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास, थायमॉल नावाच्या घटकाचा असतो. ओव्याचा तो झणझणीत, किंचित बधिर करणारा स्वाद थायमॉलचाच.

थायमॉल जंतू आणि बुरशीची वाढ रोखतं. त्यामुळे काही माऊथवॉश आणि दातांच्या औषधांत ते वापरतात. बाजारात 'ओव्याचं फूल' नावाने मिळणारे पांढरे स्फटिक म्हणजे थायमॉलच. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एकत्र केलं की तिन्ही स्फटिक विरघळून त्याचं पातळ द्रव्य होतं. घरोघरी 'अमृतधारा' म्हणून ठेवलं जाणारं औषध ते हेच.

याला एक इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धाआधी भारतातून ओवा मोठ्या प्रमाणात जर्मनीला जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जायचं. युद्धाने हा व्यापार थांबला आणि भारतातच थायमॉल काढायला सुरुवात झाली. त्या काळी थायमॉलला मागणी होती, कारण पोटातल्या अंकुशकृमींवर ते प्रमुख औषध होतं. अमेरिकेत रॉकफेलर आयोगाने १९०९ नंतर चालवलेल्या कृमीविरोधी मोहिमेतही थायमॉल दिलं गेलं.

मग ओवा खाल्ल्याने जंत मरतात का?

इथे थोडं गणित करूया. एक छोटा चमचा ओवा म्हणजे साधारण २ ग्रॅम. त्यात ३ टक्के तेल धरलं तर ते होतं ६० मिलिग्रॅम. त्यातलं निम्मं थायमॉल, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम.

कृमींसाठी त्या काळी थायमॉल काही ग्रॅममध्ये दिलं जायचं. ३ ग्रॅम धरले तरी त्यासाठी १०० चमचे ओवा लागेल. शिवाय एवढं थायमॉल शरीराला विषारी ठरू शकायचं. रुग्णाला त्या दिवशी तेल-तूप आणि दारू वर्ज्य असायची, कारण त्यामुळे ते रक्तात जास्त शोषलं जातं. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि थायमॉल मागे पडलं. आज जंतांसाठी अल्बेंडाझोलची गोळी शाळा आणि अंगणवाड्यांतून मोफत दिली जाते.

हे गणित लक्षात ठेवा. 'ओव्यातल्या घटकाने प्रयोगशाळेत जंतू मरतात' आणि 'ओवा खाल्ल्याने आजार बरा होतो' या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे. ओव्याबद्दलचे बरेचसे दावे पहिल्या वाक्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतात.

कोणत्या फायद्यात किती तथ्य?

गॅस आणि पोट फुगणं: आयुर्वेदात ओवा दीपन-पाचन करणारा, म्हणजे भूक वाढवणारा आणि पचनाला मदत करणारा मानला जातो. ओव्याच्या अर्काने आतड्याच्या स्नायूंची उबळ सैल होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांवरचे मोठे अभ्यास मात्र कमी आहेत. तरी जेवणानंतरच्या साध्या जडपणासाठी चिमूटभर ओवा खाण्यात निरोगी मोठ्या माणसाचं सहसा नुकसान नाही.

वाल, पावटे, हरभरा यांनी गॅस होतो, तो त्यांतल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत म्हणून. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. ओवा त्या शर्करा पचवत नाही, फार तर पोटातली कळ कमी करतो. गॅस मुळातच कमी हवा असेल तर कडधान्यं रात्रभर भिजवून, पाणी बदलून शिजवणं जास्त उपयोगी.

सर्दी आणि खोकला: युरोपात थाईम या वनस्पतीचा अर्क खोकल्याच्या औषधांत पारंपरिकरीत्या वापरतात. तिच्यातही मुख्य घटक थायमॉलच. ओव्याच्या वाफेने किंवा काढ्याने घशाला आराम वाटू शकतो. सर्दीचा विषाणू मात्र त्याने मरत नाही.

दमा: इराणमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात ओव्याच्या उकळलेल्या अर्काने दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका काही प्रमाणात सैल झाल्याचं दिसलं. पण रुग्ण मोजकेच होते. एवढ्यावरून इनहेलर बंद करणं जिवावर बेतू शकतं.

वजन आणि मधुमेह: सकाळी ओव्याचं पाणी प्यायल्याने चरबी वितळते, याला भक्कम पुरावा नाही. साखर घातलेल्या चहाऐवजी ते पाणी घेतलं तर साखर कमी जाईल, हा फायदा खरा. पण त्याचं श्रेय ओव्याला देता येणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या तर ओव्याच्या भरवशावर अजिबात सोडू नका.

२०२१ ची ती पुरचुंडी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, एक मेसेज प्रचंड फिरला. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाचे थेंब यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, लडाखमध्ये पर्यटकांना अशीच पुरचुंडी देतात, असा त्यात दावा होता.

या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढतो याला कोणताही पुरावा नव्हता. मग लोकांना बरं का वाटायचं? कापरासारख्या उग्र वासाच्या पदार्थांनी नाकातल्या गारवा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतना मिळते. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात फुप्फुसातून रक्तात जाणारा ऑक्सिजन तेवढाच राहतो. ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरत असताना घरी पुरचुंडी हुंगत बसणं म्हणजे दवाखान्यात पोहोचायचा वेळ घालवणं होतं.

ती लाट ओसरली, पण मेसेज अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो. तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका.

बाळ-बाळंतिणीसाठी ओवा: काय चालेल, काय टाळावं?

बाळंतिणीला ओवा, बाळंतशेपा, तीळ घातलेली सुपारी द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. जेवणानंतर अशी थोडी सुपारी खायला हरकत नसते. मात्र तिच्यात खरी सुपारी किंवा तंबाखू नसावी.

तीन गोष्टींत मात्र काळजी घ्या.

१. बाळाला ओव्याचं पाणी: पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाचं पोट इवलंसं असतं. ते पाण्याने भरलं तर तेवढं दूध कमी जातं, आणि पाणी किंवा वाटी-चमचा स्वच्छ नसेल तर जुलाबाचा धोका. तान्ह्या बाळाचं संध्याकाळचं रडणं साधारण दीड महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असतं आणि बहुतेक बाळांमध्ये तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं.

२. बंद खोलीतली धुरी: शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकून बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी देतात. खोली बंद असेल तर जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. ओव्याच्या वासात तर काही कळतच नाही. आईलाही धोका आणि बाळालाही. धूर बाळाच्या फुप्फुसांनाही चांगला नाही.

३. पुरचुंडीतला कापूर: बाळाच्या उशाशी ओव्याची पुरचुंडी ठेवताना त्यात कापूर घालू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. गरम पुरचुंडीने शेकताना बाळाची नाजूक त्वचा भाजण्याचीही भीती असते.

गर्भवती महिलांनी भाजीत किंवा पुरीत पडतो तेवढाच ओवा खावा. काढे, अर्क, चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पित्ताचा त्रास किंवा अल्सर असलेल्यांना जास्त ओव्याने जळजळ वाढू शकते.

नाव ओवा, पण वनस्पती वेगळी

कुंडीत लावतो त्या जाड, लवदार 'ओव्याच्या पानांची' भजी तुम्ही खाल्ली असतील. ते झाड ओव्याचं नाहीच! ते तुळस-पुदिन्याच्या कुळातलं आहे. त्यात थायमॉलचं भावंड शोभेल असा कार्व्हाक्रॉल हा घटक असतो, म्हणून वास सारखा येतो. खऱ्या ओव्याची पानं शेपूसारखी बारीक असतात.

ही गंमत भज्यांपुरती ठीक आहे, पण 'खुरासनी ओवा' ही गंमत नाही. ती धोत्र्याच्या कुळातली विषारी वनस्पती आहे. तिच्यामुळे भ्रम होणं, हृदयाचे ठोके वाढणं, बेशुद्धी असे परिणाम होऊ शकतात. 'किरमाणी ओवा' ही आणखी तिसरीच वनस्पती. त्यामुळे 'ओवा' शब्द दिसला म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून काहीही आणून खाऊ नका.

ओवा बाजूला ठेवून दवाखाना कधी गाठायचा?

या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे. 'गॅस झालाय' असं वाटणारं प्रत्येक दुखणं गॅसचं नसतं.

- छातीत दाब, जडपणा, दरदरून घाम, धाप, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जाणं: हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. महिला, ज्येष्ठ आणि मधुमेही व्यक्तींमध्ये कधी कधी फक्त मळमळ, अस्वस्थता किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं एवढंच जाणवतं. ओवा खाऊन वाट बघू नका, १०८ वर फोन करा.
- बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं आणि वाढत जाणारं दुखणं: अपेंडिक्सला सूज असू शकते.
- पोट फुगलंय, उलट्या होताहेत, शौच आणि वायू दोन्ही बंद: आतड्यात अडथळा असू शकतो.
- काळी किंवा रक्त मिसळलेली शौच, रक्ताची उलटी.
- बाळाला हिरवी उलटी, ताप, शौचात रक्त, दूध न पिणं किंवा सुस्ती.
- काही आठवडे रोजच ओवा खावा लागतोय, भूक मंदावली आहे, वजन उतरतंय: तपासणी करून घ्या.

ओवा कसा आणि किती खावा?

जेवणानंतर पाव ते अर्धा छोटा चमचा ओवा नीट चावून खाणं मोठ्या माणसाला पुरेसं आहे. रक्तदाब असेल तर सोबतचं मीठ किंवा काळं मीठ टाळा. पाणी करायचं असेल तर उकळताना भांड्यावर झाकण ठेवा, नाहीतर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. ओव्याचं फूल किंवा ओव्याचं तेल म्हणजे ओवा नव्हे. ते कितीतरी पट तीव्र असतं, त्यामुळे स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नका आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवलेला ओवा बराच काळ टिकतो. चोळल्यावर वास आला नाही, तर त्याचा गुणही ओसरला असं समजा.

थोडक्यात, ओवा उत्तम मसाला आहे आणि साध्या अपचनावरचा चांगला घरगुती आधार आहे. चिमूटभर ओव्याने अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटलं तर छानच. नाही वाटलं, तर दुसरी चिमूट शोधू नका, डॉक्टरांचा नंबर शोधा.