एअर इंडियाची इमारत आणि माळवदाचे घर

सोलापुरात उंच म्हटले की डोळ्यांपुढे येते ती चिमणी. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या निघाल्या आणि भोंग्याइतकीच चिमणी ही गावाची खूण झाली. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी तर सुमारे ९० मीटर उंच होती. विमानतळाला अडथळा म्हणून ती १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ९० मीटर म्हणजे जवळजवळ पंचवीस मजले. पण चिमणीत माणसे बसून काम करीत नाहीत. शेकडो माणसे दिवसभर वावरतील अशी कचेरी तेवढी उंच न्यायची तर प्रश्न अगदी वेगळे उभे राहतात. ते कसे सुटले हे समजून घेण्यासाठी आपण मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील २३ मजली एअर इंडिया इमारतीचा इतिहास पाहू. सहलीला गेलेल्या मुलांनी मरीन ड्राइव्हवरून ती पाहिलेली असतेच.

आधी सोलापुरातल्याच एका कचेरीकडे वळू. आप्पासाहेब वारदांनी बांधवलेला इंद्रभुवन हा देखणा वाडा पुढे महानगरपालिकेची इमारत झाला. अशा दगडी इमारतीत छताचा, मजल्यांचा आणि स्वतःचा सगळा भार भिंतीच पेलतात. मजले वाढले की खालच्या भिंतीवरचा भार वाढतो आणि ती जाड करावी लागते. गिरणीची जुनी विटांची चिमणी बुडाशी रुंद आणि शेंड्याला निमुळती असते, तिच्यामागेही हेच कारण आहे. शिकागो शहरात १८९१ साली मोनॅडनॉक नावाची १६ मजली इमारत विटांच्या भिंतींवर उभारली गेली. तिच्या तळाच्या भिंती सुमारे सहा फूट जाड ठेवाव्या लागल्या. गंमत अशी, की ज्या तळमजल्याला सर्वांत जास्त भाडे मिळायचे तिथलीच जागा भिंतींनी खाल्ली! यापेक्षा उंच जाणे परवडणारे नव्हते.

वाट त्याच शहरात सापडलेली होती. विल्यम ल बॅरन जेनी या अभियंत्याने १८८५ मध्ये दहा मजली होम इन्शुरन्स इमारतीचा बराचसा भार लोखंड व पोलादाच्या सांगाड्यावर टाकला. सांगाड्याची कल्पना सोपी आहे. मजल्याचा भार तुळईवर, तुळईचा खांबावर आणि खांबाचा पायावर. भिंतीला उचलायचे काहीच उरत नाही. ती फक्त ऊन, वारा, पाऊस अडवते, मग ती विटेची असो की काचेची. दुसरी अडचण जिन्यांची होती. पाच-सहा मजल्यांपलीकडे रोज कोण चढणार? दोर तुटला तरी पाळणा जागच्या जागी अडकून राहील अशी कळ एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यात उभे राहून आणि दोर कापायला लावून दाखवली होती. तेव्हापासून लिफ्टवर लोकांचा विश्वास बसू लागला. सांगाडा आणि लिफ्ट या दोन गोष्टींविना गगनचुंबी इमारत संभवत नाही.

आता नरिमन पॉइंट. ही जमीन मुळात समुद्र होती. बॅकबेमध्ये भर घालण्याचे काम १९२० च्या दशकात सरकारने हाती घेतले आणि त्यात बेसुमार पैसा वाया गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने ते गैरव्यवहार चव्हाट्यावर आणले. योजनेवरील हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरिमन निर्दोष सुटले. भरावावर कोरडे ओढणाऱ्या माणसाचेच नाव पुढे भरावाच्या टोकाला मिळाले, याला काय म्हणावे!

भराव टाकण्याचे उरलेले काम स्वातंत्र्यानंतर पुन्हा सुरू झाले आणि या नव्या जमिनीवर उंच कचेऱ्या उठू लागल्या. एअर इंडियाने येथील भूखंड राज्य सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतला. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी या वास्तुविशारदांच्या पेढीने केला आणि १९७४ मध्ये इमारत पुरी झाली. जे. आर. डी. टाटा तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. माथ्यावरचे धनुर्धारी बोधचिन्ह लांबून दिसे. समुद्रकाठच्या अशा इमारतीला आडव्या बलाचाही विचार करावा लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून खांब आणि तुळया यांचे सांधे पक्के बांधून घ्यावे लागतात, नाहीतर चौकट पत्त्यांच्या घरासारखी एका बाजूला कलेल.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटमालिकेतला एक स्फोट या इमारतीच्या तळाशी, मोटारीत ठेवलेल्या बॉम्बचा होता. त्यात सुमारे वीस माणसे मृत्युमुखी पडली. खालचा भाग उद्ध्वस्त झाला, पण इमारत उभी राहिली आणि पुढे वीस वर्षे तिथून विमान कंपनीचा कारभार चालला. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. २०२२ मध्ये विमान कंपनी टाटा समूहाकडे गेली तरी इमारत केंद्र सरकारच्याच हाती राहिली. ती १६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र सरकारला देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयाला जागेची चणचण होतीच.

त्याच १९९३ सालाची दुसरी तारीख सोलापूरकर विसरणार नाहीत. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सोलापूरपासून हे ठिकाण शंभर किलोमीटरच्या आत आहे. भूकंप ६.२ एवढ्या तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच, पण हजारो माणसे गेली. बरीचशी घरे एक-दोन मजली होती. तेवीस मजले टिकले आणि एक मजला कोसळला, हे विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटेल. स्फोट आणि भूकंप यांची थेट तुलना करता येत नाही हे खरे. स्फोटाचा तडाखा एका बाजूने व क्षणभर बसतो, भूकंप सबंध घर पायापासून हलवतो. तरीही भार कोणावर, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

तिकडच्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट आणि त्याहूनही जाड होत्या. आतून-बाहेरून गोल दगडांचे दोन थर, मध्ये खडी-मातीची भर आणि दगड जोडायला नुसता चिखल. दोन्ही थरांना आरपार सांधणारे दगड क्वचितच. वर माळवदाचा काही टन मातीचा थर. हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटले, भिंत फुगली आणि माळवद खाली आले. जाडी होती, एकसंधपणा नव्हता.

काही घरांत मात्र निराळे दृश्य दिसले. भिंती ढासळल्या होत्या आणि लाकडी खांब, तुळया व त्यांवरचे माळवद जागच्या जागी होते. आपल्याकडे घर खणांनी मोजतात, चार खणांचे, सहा खणांचे. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, आणि जिथे तुळई स्वतंत्र खांबावर टेकलेली होती तिथे भार भिंतीवर नव्हताच. जेनीने शिकागोत जे लोखंडात केले, त्याचा लाकडी भाऊबंद आपल्या वाड्यात पूर्वीपासून होता. जिथे लाकूड महागले म्हणून खांब गाळून तुळया सरळ भिंतीवर टाकल्या, तिथे भिंतीबरोबर छतही गेले.

सांगाडा म्हणजे कवच नव्हे, हेही सांगायला हवे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या सांगाड्याच्या कित्येक इमारती बसल्या. मोटारी ठेवण्यासाठी तळमजला मोकळा सोडल्याने तिथले खांब वरच्या मजल्यांच्या मानाने दुबळे पडले होते. आज सोलापुरातही अशा इमारती दिसतात.

वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. झाडूच्या काड्या चिकणमातीने जोडून एक चौकट करावी, तिच्या एका बाजूच्या दोन खांबांमध्ये कर्णाच्या दिशेने काडी लावावी आणि दुसरी बाजू तशीच सोडावी. वर पाटी ठेवून टेबल हलवले की कोणती बाजू आधी कलते ते मुलांनाच पाहू द्यावे. आणि ज्यांच्या आजोळी माळवदाचे घर अजून आहे, त्यांनी सुट्टीत एवढेच पाहून यावे: तुळईचे टोक खांबावर आहे की भिंतीत?