अंगणवाडीची पारख



पेणच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ति निवडावयास आलेला मनुष्य ती चहूंबाजूंनीं फिरवून पाहतो. डोळ्यांची आंखणी, हातांची ठेवण, रंगाची सफाई यांवरून तो तिची किंमत ठरवितो. मूर्ति घडून पुरी झालेली असते, म्हणून ही पारख सोपी. परंतु त्याच पेण तालुक्याच्या एखाद्या वाडींत तीन ते सहा वर्षांचीं मुलें जेथें बसतात, ती अंगणवाडी उत्तम कीं निकृष्ट, हें कशावरून ठरवावें? तेथें घडण अजून चाललेलीच असते. या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

शाळेचा दर्जा मोजून त्या मापानें पैसा देण्याचा प्रसिद्ध प्रयोग इंग्लंडांत १८६२ सालीं सुरू झाला. इन्स्पेक्टरनें यावें, वाचन, लेखन व गणित यांची परीक्षा घ्यावी, आणि जितकीं मुलें उतरतील तितकी ग्रँट शाळेस मिळावी, अशी ती योजना होती. मुंबई इलाख्यांतहि त्याच शतकांत निकालावर ग्रँट देण्याची पद्धत आली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिक्षक तपासणीच्या दिवसासाठीं शिकवूं लागले आणि मुलें अर्थ न कळतां धडे पाठ म्हणूं लागलीं. मात्र त्या कडक नियमावलींतहि एक शहाणपण होतें. सहा वर्षांखालील मुलांस परीक्षेंतून वगळलें होतें. त्यांच्याबद्दल इन्स्पेक्टरचा समाधानकारक अभिप्राय पुरेसा मानीत. लहान मूल मोजावयाचें नसून पाहावयाचें असतें, एवढें तेव्हांहि उमगलें होतें.

हें पाहणें कसें असावें, तें महाराष्ट्रास ताराबाई मोडकांनीं शिकविलें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बरोबरीनें त्यांनीं काम केलें. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढें मुंबईस दादरच्या शिशुविहारांत त्यांनीं शहरी बालशिक्षणाचा पाया घातला. त्या काळीं माँटेसरी पद्धतीचीं साधनें महाग होतीं आणि चांगल्या बालमंदिराची ओळख पुष्कळ ठिकाणीं त्या साधनांवरूनच होत असे. १९४५ सालीं ताराबाई तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ तेथें त्यांच्या साहाय्यास आल्या. गरिबांच्या मुलांसाठीं तीं साधनें आणावयाचीं कोठून? त्यांनीं शिंपले, बिया, पानें, माती व खडे हींच साधनें केलीं. मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना अशी जन्मास आली. पुढें १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें आणि आदिवासी मुलांत रुजलें.

आतां कल्पना करा कीं, साधनांची छापील यादी हातीं घेऊन कोणी परीक्षक त्या अंगणांत आला असता. यादींतील बहुतेक रकाने रिकामे राहिले असते आणि देशास वाट दाखविणारें तें काम खालच्या वर्गांत पडलें असतें! माप चुकीचें असलें कीं चांगलें कामहि वाईट ठरतें. दर्जाच्या इतिहासांतील ही गोष्ट विसरूं नये.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. त्यांतील १८ ग्रामीण, ११ आदिवासी व ४ शहरी होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचें आहार व आरोग्यविषयक शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण हीं सहा कामें एका सेविकेच्या माथीं आलीं. तिच्यावर देखरेखीसाठीं मुख्यसेविका नेमली. जुन्या नियमाप्रमाणें आदिवासी भागांत १७, ग्रामीण भागांत २० व शहरांत २५ अंगणवाड्यांमागें एक मुख्यसेविका असावयाची. डोंगरवाटांनीं हिंडणाऱ्या बाईस अधिक गांवें नीट पाहणें शक्य नाहीं, हें त्या आंकड्यांत गृहीत धरलेलें होतें. पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ व २००६ च्या आदेशांनीं योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्याचें बंधन आलें आणि मंजूर अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांवर गेली.

इतका विस्तार झाल्यावर प्रतवारीचा विचार येणें साहजिकच होतें. अमेरिकेंत हार्म्स व क्लिफर्ड यांनीं १९८० सालीं बालवर्गाच्या वातावरणाची सात पायऱ्यांची मापनपट्टी प्रसिद्ध केली. १९९८ सालीं ओक्लाहोमा राज्यानें बालसंगोपनकेंद्रांस तारे देऊन अधिक ताऱ्यांस अधिक पैसा देण्याची रीत घातली. आपल्याकडेहि २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणानें दर्जाचे निकष ठरविण्यावर भर दिला. निकष असूं नयेत असें कोणीहि म्हणणार नाहीं. पाण्याची सोय नसलेली खोली व कुजका आहार यांस दोष लागलाच पाहिजे. वाद आहे तो मापाच्या निवडीचा.

पेण व रोहें या तालुक्यांच्या डोंगरांत कातकरी व ठाकूर वाड्या आहेत. भाताची कापणी आटोपली कीं अनेक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. मुलें अर्थातच आईबापांबरोबर जातात. हजेरीवर गुण द्यावयाचे झाले, तर अशा वाडीची सेविका उन्हाळ्यांत नापास होईल, आणि रेल्वेस्टेशनाजवळील तिची बहीण तेवढ्याच कष्टांत पहिल्या वर्गांत येईल. त्यावर बक्षिसाची रक्कम ठेवली तर १८६२ च्या ग्रँटीचीच पुनरावृत्ति होईल: भट्टीवर गेलेलीं मुलें हजेरीपटावर हजर दिसूं लागतील. पट भरेल, पण मुलाचें वजन वाढणार नाहीं. शिवाय तें मूल जेथें गेलें तेथल्या अंगणवाडीस त्याची वार्ताहि लागणार नाहीं, कारण कागदावर तें घरींच आहे. खोट्या दर्जाचा भुर्दंड असा शेवटीं मुलाच्याच पोटावर पडतो.

म्हणून प्रतवारी करणाऱ्यानें वाडीची तुलना वाडीशीं करावी. गेलेलें मूल कोठें गेलें व तेथें त्याची सोय लागली काय, हें विचारावें. सेविका मुलाशीं कसें बोलते, तें तिच्या अंगास भीत भीत येतें कीं धांवत येतें, हें घटकाभर बसून पाहावें. आणि उणें दिसेल तेथें शेरा मारून निघून न जातां दुसऱ्या खेपेस साहाय्य घेऊन यावें. याच पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ सालीं विनोबांचा जन्म झाला. शिक्षण जीवनापासून तोडूं नये, असा त्यांचा आग्रह होता. तपासणीसहि तोच न्याय लावावा. मुलाचें जीवन जेथें जाईल तेथें तपासणाऱ्याची दृष्टि पोंचली, तरच त्याच्या वहींतील गुणांस कांहीं अर्थ राहील.