जीर्णोद्धार की रूपांतर? : अमेरिकन पिकअप ट्रकच्या हौशी पुनर्घडणीचा इतिहास

एप्रिल १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ या दोन आसनी गाडीच्या पाठीमागे पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विक्रीस काढली. फोर्डच्या कारखान्यातून पूर्णपणे तयार होऊन बाहेर पडलेला हा पहिला पिकअप ट्रक होय. तथापि या घटनेस पिकअपचा जन्म मानणे इतिहासास धरून होणार नाही. तत्पूर्वी कित्येक वर्षे अमेरिकेतील शेतकरी आणि गावोगावचे सुतार-लोहार मोटारीच्या मागे स्वतःच फळ्यांचा हौदा ठोकून घेत असत. रोनाल्ड क्लाइन व ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या ग्रामीण कारागिरीचे विवेचन केले आहे. गाडीचे मागचे चाक उचलून धरावयाचे, त्यावर पट्टा चढवावयाचा आणि त्या बळावर लाकडे कापावयाची, मका दळावयाचा, कपडे धुण्याचे यंत्र चालवावयाचे, हा त्या काळातील शेतावरचा परिपाठ होता. म्हणजे मालकाने केलेला फेरफार आधीचा आणि कारखान्याची ‘मूळ’ प्रतिमा नंतरची. पुढे या वाहनाच्या हौशी पुनर्घडणीत जो वाद उभा राहिला, त्याचे बीज या क्रमातच आहे.

त्या वादाचे दोन पक्ष आहेत. एक ‘रिस्टोरेशन’चा, दुसरा ‘कस्टमायझिंग’चा. पहिल्यास जीर्णोद्धार व दुसऱ्यास रूपांतर म्हणता येईल; परंतु जीर्णोद्धार हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. देवालयाच्या जीर्णोद्धारात वास्तू पुन्हा पूजेस योग्य व्हावी हे महत्त्वाचे असते. प्रत्येक दगड पहिल्याच घडणीचा असावा असा आग्रह नसतो. अमेरिकन संघांचा जीर्णोद्धार याहून फार वेगळा. १९३५ साली फिलाडेल्फिया येथे स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या परीक्षणपद्धतीत ४०० गुण असतात, आणि विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या हाती दिली त्या वेळी गाडी जशी असेल तशी ती दिसावी, हा तिचा मानदंड आहे. हा मानदंड आरामाच्या गाड्यांपुरता समजण्यासारखा आहे. पिकअपला तो लावताच अडचण सुरू होते, कारण पिकअप हे अवजार होते, आणि वापरातील अवजार विक्रेत्याच्या दारातल्यासारखे चार दिवससुद्धा राहत नाही.

हौशी मंडळींच्या विशेष आवडीचे ट्रक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या दशकातील आहेत. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबले होते; युद्ध संपल्यावर तुंबलेली मागणी पुरी करण्यासाठी शेव्हरोलेने १९४७ साली ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ आणि फोर्डने १९४८ साली ‘एफ’ या मालिका बाजारात आणल्या. शेव्हरोलेचा ‘३१००’ हा अर्ध्या टनाचा ट्रक नमुन्यादाखल घेतला तर रूपांतराच्या प्रश्नाचे यांत्रिक मूळ स्पष्ट होते. त्यास २१६ घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे इंजिन होते. त्याच्या जोडदांड्यांची बेअरिंगे बॅबिट या मऊ मिश्रधातूची ओतीव असत, आणि त्यांना तेल मिळे ते मुख्यतः दांड्यांच्या टोकाशी असलेल्या पळ्यांनी तळातील तेल उडवून. मागच्या आसाचे गुणोत्तर ४.११ होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाकडील दांड्यास चारांहून अधिक फेरे घ्यावे लागत. गवताच्या पेंढ्यांनी भरलेला हौदा चिखलातून ओढून काढण्यास ही रचना उत्तम. ताशी ४०-४५ मैलांपलीकडे मात्र तीच रचना इंजिनाच्या जिवावर उठे. वीजव्यवस्था सहा व्होल्टची, ब्रेक चारही चाकांना ढोलाचे, आणि त्या सर्वांना दाब पुरविणारा मुख्य सिलिंडर एकच. नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले.

१९५६ साली अमेरिकन काँग्रेसने आंतरराज्य महामार्गांचा कायदा मंजूर केला. ट्रक तेच राहिले; रस्ते मात्र पालटले. ज्या वेगास हे वाहन कधी बांधलेच नव्हते, तो वेग आता रस्त्यावर किमान शिष्टाचाराचा झाला. शेव्हरोलेने १९५५ साली आणलेले २६५ घनइंचांचे, आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे इंजिन व त्याच्या पुढील आवृत्त्या भंगारवाड्यांत मुबलक मिळू लागल्यावर त्या जुन्या ट्रकांत बसविण्याचा प्रघात पडला. त्यामागोमाग बारा व्होल्टची वीज, पुढच्या चाकांना चकतीचे ब्रेक, आणि फोर्डच्या १९७४ ते १९७८ च्या मस्टँग गाडीच्या धर्तीवरील स्वतंत्र निलंबन हे बदल आले. हे सारे स्वैर चैनीचे प्रकार आहेत असे शुद्धतावादी मंडळी म्हणतात. तो आक्षेप फारसा टिकत नाही. यांतील बहुतेक बदल नव्या रस्त्यांनी भाग पाडलेले आहेत, आणि त्या दृष्टीने ते १९२० च्या सुमाराच्या शेतकऱ्याने ठोकलेल्या हौद्याचेच वारस ठरतात.

इंजिन बदलण्याचा एक परिणाम यंत्रशास्त्राबाहेरचा आहे. सतरा चिन्हांचा एकसारखा वाहनक्रमांक अमेरिकेत १९८१ पासून रूढ झाला. तत्पूर्वीच्या काळात अनेक राज्ये जुन्या ट्रकच्या मालकीपत्रावर इंजिनाचाच क्रमांक नोंदवीत. इंजिन काढून भंगारात टाकले की कायद्याच्या दृष्टीने ट्रकची ओळखच त्याबरोबर गेली! सांगाडा, केबिन, हौदा जागच्या जागी असूनही वाहन कागदोपत्री नाहीसे होई. वस्तूचे ‘तेच’पण नेमके कोठे असते, हा तत्त्वज्ञांचा जुना प्रश्न नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपाशी असा उभा राहिला.

याउलट निव्वळ शोभेच्या रूपांतराची परंपरा प्रामुख्याने कॅलिफोर्नियाची आहे. तिचा कळस म्हणून ‘अला कार्ट’ या वाहनाचा उल्लेख करावा लागतो. १९२९ च्या फोर्ड ‘मॉडेल ए’ पिकअपपासून लॉस एंजेलिसजवळ जॉर्ज बॅरिस यांच्या कार्यशाळेत ते घडविले गेले, आणि ओकलंडच्या प्रदर्शनात १९५८ व १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतील सर्वांत देखण्या रोडस्टरचा मान त्याने पटकाविला. त्याच्या हौद्यात एक पोते ठेवण्याचीही कोणाची छाती झाली नसती. पुढे हे वाहन जीर्ण झाले, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचा जीर्णोद्धार झाला तो १९५८ च्या रूपात. १९२९ च्या कारखानी रूपाकडे परत जावे असे कोणास सुचलेही नाही. रूपांतर येथे स्वतःच मूळ ठरले.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाचे तरुण शेव्हरोले गाड्या व ट्रक जमिनीलगत उतरवून संथ गतीने मिरवीत असत. वाहनाचा कोणताही भाग चाकाच्या कड्याच्या खालच्या पातळीपेक्षा खाली नसावा, असा नियम कॅलिफोर्नियाने १९५८ साली केला. त्यास उत्तर म्हणून लवकरच जलदाबाचे पंप आले. पोलीस दिसला की कळ दाबून गाडी उचलावयाची, तो गेला की पुन्हा उतरावयाची. हा नियम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला. तोपर्यंत ती युक्ती परंपरा होऊन बसली होती, आणि आज अशा वाहनांत जुने पंपही तितक्याच निष्ठेने दुरुस्त केले जातात.

इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने खरी हानी रूपांतरात आहे की जीर्णोद्धारात, हे येथवरच्या हकिकतीवरून तपासता येते. रूपांतर करणारा जुना भाग काढतो, पण आपल्या काळाचा ठसा उघडपणे मागे ठेवतो. कसोशीचा जीर्णोद्धार करणारा पत्रा वाळूच्या झोताने उघडा करून पोचे भरून काढतो, हौद्याच्या झिजलेल्या फळ्या बदलतो, दारावरचे शेताचे वा दुकानाचे नाव खरवडतो आणि त्यावर कारखान्याच्या तक्त्यातील हिरवा रंग देतो. डाव्या बाजूस अधिक झिजलेली फळी, दाराच्या कडेवर कोपर टेकून उडालेला रंग, पुसट झालेला तीन आकडी दूरध्वनी क्रमांक, या गोष्टी कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या ट्यूरिन सनदेत वास्तूंच्या जतनाची तत्त्वे वाहनांस लागू केली आणि वापराच्या खुणाही इतिहासाचा भाग असल्याचे मान्य केले. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेनेही न बदललेल्या वाहनांसाठी वेगळा वर्ग ठेवला आहे.

मात्र या जाणिवेचा एक चमत्कारिक परिणाम दिसून येतो. गंज आणि पुसट अक्षरे यांना किंमत आल्याबरोबर ती तयारही होऊ लागली. नव्याने ठोकलेल्या पत्र्यावर आम्लाने गंज चढवितात, रंग घासून तळचा थर दिसू देतात आणि दारावर कधीही अस्तित्वात नसलेल्या पेट्रोल पंपाचे नाव रंगवून ते पुन्हा अर्धे पुसतात. बनावट सनदा आणि ताम्रपट ओळखण्यासाठी पुराभिलेखशास्त्राने शाईची, अक्षरवळणाची व धातूची जी परीक्षा सिद्ध केली, तशीच परीक्षा आता या दारांचीही करावी लागणार आहे. आणि ती करताना पहिला प्रश्न बहुधा असा असेल की, गंज पत्र्याच्या आतल्या बाजूसही आहे काय.