पाळीव प्राण्यांसह मुक्काम : निकष कोणते असावेत?

पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात नळदुर्ग, उमरगामार्गे जातो. उमरगा तालुक्यातील, कर्नाटक सीमेजवळचे मुरुम या महामार्गापासून थोडे आत आहे. तुळजापूर, अक्कलकोट आणि कर्नाटकातील गाणगापूर ही तीर्थक्षेत्रेही याच टापूत येतात. घरचे कुत्रे घेऊन निघालेल्या कुटुंबाला देवदर्शनाच्या वेळी त्याला मागे ठेवावे लागते. खोली मिळाली नाही, तर ते मोटारीत राहते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि बंद मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. कुत्रे मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. अशा वेळी त्याचा जीव धोक्यात येतो.

त्यामुळे ‘पाळीव प्राण्यांना प्रवेश’ ही पाटी दिलासा देणारी असली, तरी तिचा अर्थ जागोजागी बदलतो. कुठे प्राण्याला खोलीत घेतात, कुठे अंगणात बांधायला सांगतात. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, तसेच अवाजवी आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. श्वान पैदास व विक्रीसाठी २०१७ मध्ये, तर पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये केंद्राने नियम केले. मात्र, पर्यटक निवास त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

निवासासाठीचे निकष मोजता येतील असे हवेत. फरशी धुता येणारी, खिडक्यांना जाळी, दाराला पक्की कडी, सावलीची मोकळी जागा व चोवीस तास पाणी या किमान गरजा होत. सफाईत फिनेल टाळावे. त्यातील फिनॉल मांजरांना विषारी ठरते. पाहुणे गेल्यावर गोचीड व पिसवांसाठी खोली तपासावी. स्वयंपाकघर व भोजनकक्षात प्राण्यांना मज्जाव असावा. अन्नसुरक्षेच्या नियमांनाही तेच अभिप्रेत आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक दर्शनी भागात लावावा. अतिरिक्त शुल्क, अनामत व प्राण्यांच्या संख्येची मर्यादा आरक्षणापूर्वीच लेखी कळवावी.

पाहुण्यांवरही जबाबदारी येते. रेबीज लसीकरणाचे चालू प्रमाणपत्र दाखवणे, आवारात पट्टा लावणे, विष्ठा स्वतः उचलणे आणि प्राण्याला खोलीत एकटे न सोडणे या अटी त्यांनी पाळाव्यात. दर्शनासाठी कुटुंबातील एकाने आळीपाळीने मागे थांबावे. प्राणी खोलीत असताना सफाई कर्मचाऱ्याला आत पाठवू नये. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तातडीने दवाखाना गाठावा.

निकष केवळ प्राणिप्रेमींच्या सोयीसाठी नाहीत. त्याच खोलीत उतरणारा पुढचा पाहुणा, ती झाडणारा कर्मचारी आणि स्वतःची अडचण सांगू न शकणारा प्राणी या तिघांचेही संरक्षण त्यातून साधते. तशी हमी नसेल, तर प्राण्याला घरी विश्वासू व्यक्तीकडे ठेवणेच श्रेयस्कर.