वणीच्या मुलीने काय वाचावे?

लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली वणीत झाला. १९०५ पर्यंत जिल्ह्याचे नावही वणीच होते. त्या काळात येथील एखाद्या वडिलांना, अक्षरओळख झालेल्या मुलीला आवडीने वाचता येईल असे काय द्यावे, हा प्रश्न पडला असता तर?

मुळात तो पडणेच दुर्मीळ. १९०१ च्या जनगणनेतही देशात शंभरांत एक स्त्री साक्षर नव्हती.

विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ मध्ये सुरू झाले होते. सोप्या मराठीतील चरित्रे त्यात मिळत. मात्र खास स्त्रियांसाठी म्हणून जे लिहिले जाई, ते बहुधा वर्तनाचे धडे. पंडिता रमाबाईंसारख्या बंडखोर विदुषीचे 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) हेसुद्धा अखेर उपदेशाचेच पुस्तक. मुलगी निव्वळ गंमत म्हणून वाचेल, ही कल्पनाच समाजाच्या पचनी पडलेली नव्हती.

म्हणूनच काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वेगळे ठरते. त्याची नायिका राणी नव्हे, सतीही नव्हे. नऊवारीतल्या घरातून निघून फिलाडेल्फियाच्या थंडीत वैद्यक शिकलेली, १८८६ साली पदवी मिळवलेली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी वारलेली ही तरुणी. तिची पत्रेही त्यात आहेत. म्हणजे वाचणाऱ्या मुलीला एका मुलीचा आवाज थेट ऐकू येतो.

काशीबाईंना मात्र बालपणी शाळा लाभली नव्हती. त्या वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरच्यांच्या नजरा चुकवून.